मॅडम्स कोव्हहून येताना

दार नीट लावा रे. नुसतं लोटू नका, कडी घाला. वाऱ्याने ते उघडतं आणि मग गोष्ट अर्धी राहते. कोल्बी, शेगडीत एक लाकूड सार. आणि तो फोन ठेव खिशात, इथे तसंही काही पकडत नाही.

मघाशी कोण विचारत होतं, सेल्बी अंधार पडल्यावर पाण्यात होडी का घालत नाही म्हणून? लोक म्हणतात डोळे गेले त्याचे. डोळ्यांना काही झालेलं नाही. परवा त्याने सुईत दोरा ओवलेला मी पाहिलाय. सेल्बी माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याने ही हकीकत मला एकदाच सांगितली, तीही मी खोदून विचारली म्हणून नाही. पुन्हा कधी विषय काढला नाही. मी त्यात पदरचं काही घालत नाही. घालायची गरजही नाही.

परवाचा थँक्सगिव्हिंग सोडा, त्याच्या आदल्या वर्षीचा. ऑक्टोबरातल्या सोमवारी आपला सण, आणि ही सणाच्या आदल्या रविवारची रात्र.

त्या दुपारी सेल्बीच्या बायकोने, उनाने, पाव भाजले होते. पिवळ्या वाटाण्याचं सूप केलं होतं, त्यात खारवलेलं बीफ. सगळं डब्यात भरून, वर फडकं बांधून, बरणीभर बेरीचा जॅम आणि तंबाखूचं पाकीट ठेवून ती म्हणाली, "हेडली काकांना देऊन ये. सणाला म्हाताऱ्याच्या पोटात काहीतरी ऊन-ऊन जाऊ दे."

हेडली काका म्हणजे हेडली कीपिंग. मॅडम्स कोव्हमध्ये, त्या कड्यांमधल्या छोट्या खाडीत, एकटेच राहायचे. ते गाव उठलं तेव्हा तुम्ही लहान होतात. फेरी बंद झाली, वीज तोडली, झाडून सगळे इकडे वेस्टर आर्मला आले. चर्चच्या खुर्च्यासुद्धा आणल्या. फक्त हेडली काका आले नाहीत. त्यांची बायको, डॉर्कस काकू, तिथल्या टेकडीवर पुरलेली. मरताना तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, मला इथे एकटीला टाकून जाऊ नका. म्हाताऱ्याने शब्द पाळला. मुलगी ऱ्होडा आल्बर्टाहून फोन करून करून थकली. काका म्हणायचे, "मी एकटा कुठे आहे?" आणि विषय तिथेच संपायचा.

"कोणाला तरी बरोबर घेऊन जा," उना म्हणाली.

"सूप पोचवायला दोन माणसं कशाला? दुसरा वाटेत पिऊन टाकील," सेल्बी म्हणाला.

"मोटर अडखळतेय म्हणालास ना?"

"अडखळतेय. बंद नाही पडत."

खरी गोष्ट होती. होडीला मागे लावलेली ती पंचवीस घोड्यांची मोटर आठवडाभर त्रास देत होती. हळू चालवली तर मांजरासारखी गुरगुरायची, पण जोरात सोडली की मध्येच धाप टाकायची. पेट्रोल पुरत नाहीये, एवढं सेल्बीला कळलं होतं. मोटरीच्या बाबतीत त्याचा हात धरणारा या किनाऱ्यावर कोणी नाही. त्याने टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं, नवा फिल्टर घातला. जरा सुधारली. मग मनाशी म्हणाला, सण होऊ दे, पेट्रोलचा पंप उघडून बघतो.

उन्हं उतरायला लागली तेव्हा तो निघाला. पाणी तेलासारखं संथ. होडी हेडली काकांचीच, जुनी, लाकडी. हात चालेनासे झाले तेव्हा त्यांनीच ती सेल्बीला देऊन टाकली होती. वाट तासाभराची. मोटरीने दोन-तीनदा धाप टाकली, त्याने वेग कमी केला, ती पुन्हा सुधारली. टेहळणीच्या खडकाला वळसा घालून कोव्हमध्ये शिरला तेव्हा नुकता अंधार पडला होता.

काकांच्या धुराड्यातून धूर येत नव्हता.

ऑक्टोबर महिना. ओल्या हाताला थंडी चावते असे दिवस. आणि म्हाताऱ्याच्या घरात चूल नाही. सेल्बीने होडी बांधली ती गाठ न बघताच, आणि धावत वर गेला.

काका स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले होते. जिवंत होते. पण तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात कापडाच्या बोळ्यासारखा. एक डोळा मात्र लख्ख उघडा. त्या डोळ्याने त्यांनी सेल्बीला ओळखलं.

"काका, कधीपासून पडलाय असे?"

त्यांना बोलता येत नव्हतं. घशातून नुसता आवाज आला.

सेल्बीने कमरेला अडकवलेल्या रेडिओवर मदतीसाठी हाका मारल्या. पण कोव्हच्या तिन्ही बाजूंनी उंच कडे, तिथून आवाज बाहेर जातच नाही. थांबून उपयोग नव्हता. अशा झटक्यात जितका उशीर तितका माणूस हातातून जातो, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापाचं तसंच झालं होतं. त्याने काकांना दोन गोधड्यांत गुंडाळलं, वरून ताडपत्री, आणि लहान मुलासारखं उचललं.

दाराशी ते अडकले.

काकांनी डाव्या हाताने चौकट धरली होती.

"काका, सोडा. दवाखान्यात जायचंय."

हात सुटेना. ऐंशीच्या पुढचा माणूस, अर्धं अंग गेलेलं, पण त्या पंजात एवढी ताकद कुठून आली ते सेल्बीला कळेना. तो पुन्हा म्हणाला, "सोडा, काका." मग त्यांना एका गुडघ्यावर पेलून त्याने ती बोटं एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सुटलं तेव्हा काका पहिल्यांदा काहीतरी बोलले. ओठ हलत नव्हते, तरी शब्द कळले.

"ती... एकटी..."

"काकू कुठे जाणार आहेत? तुम्ही बरे व्हा, मग या परत," सेल्बी म्हणाला. बोलायचं म्हणून बोलला. आपणही बोलतो तसं.

होडीत त्याने काकांना मागच्या बाजूला, आपल्या पायांशी निजवलं. तिथे पाणी उडत नाही आणि त्यांच्यावर लक्षही राहतं. पण तिथे पेट्रोलची टाकी होती. ती त्याने उचलून पुढे, बसायच्या मधल्या फळीच्या पलीकडे ठेवली. नळी लांब होती, पुरली. एवढीच काय ती बारीकशी गोष्ट. पण ती लक्षात ठेवा.

आणि घाईत त्याने होडी सूर्य फिरतो त्याच्या उलट वळवली. आपण कोणी वळवत नाही तशी. निघताना होडी सूर्याबरोबर फिरवायची, हे तुम्हाला कोणी शिकवलं नसेल तर आता शिका.

तो कोव्हच्या तोंडाशी आला आणि समोर धुकं उभं होतं. भिंतीसारखं. येताना त्याचा मागमूस नव्हता. वाराही सुटला होता, दक्षिणेकडून, आणि पाणी उचल खायला लागलं होतं. मागच्या फळीवर कंपास स्क्रूने बसवलेला होता. सेल्बीने टॉर्च त्यावर धरला, दिशा घेतली, आणि धुक्यात शिरला.

थोडं अंतर गेल्यावर मोटरीने धाप टाकली.

मग पुन्हा.

मग बंद.

तुम्ही सगळे मोटरी चालवता. पहिला हात कुठे जातो? टाकीच्या झाकणाकडे. हवेचा स्क्रू बंद राहिला तर टाकी श्वास घेत नाही आणि पेट्रोल सोडत नाही. सेल्बी फळीवरून पुढे गेला. स्क्रू उघडा होता. टाकी हलवली, जड लागली. नळी बोटांनी चाचपत मागे आला. कुठे मुडपलेली नाही, कुठे ओलसर नाही. मोटरीकडचं टोक काढून पुन्हा खटकन बसवलं. फिल्टरच्या वाटीवर टॉर्च धरला. पेट्रोल स्वच्छ, तळाशी पाण्याचा थेंब नाही. मग पुन्हा पुढे जाऊन नळीतला रबरी फुगा, जो दाबला की पेट्रोल मोटरीकडे ढकलतो, तो हातात घेतला आणि दाबला. पाच-सहा वेळा दाबल्यावर तो टणक झाला. मागे येऊन दोरी ओढली. मोटर लगेच लागली.

थोडं पुढे गेली आणि मेली.

फुगा पुन्हा मऊ पडला होता. चपटा झाला नव्हता, नुसता मऊ. आता हे समजून घ्या. फुगा चपटा झाला असता तर टाकीकडे कुठेतरी अडलंय, मोटर ओढतेय पण मिळत नाहीये. मऊ पडला म्हणजे ओढणाराच नाही. पंपाच्या आतला, पेट्रोल ओढणारा रबरी पडदा फाटला होता. तो तिथे, त्या पाण्यात, अंधारात बदलता येत नाही. दुसरा पडदा त्याच्याकडे नव्हताही.

"मग हाताने दाबत राहायचं की," कोल्बी म्हणतोय. बरोबर. हाताने दाबत राहिलं तर मोटर घरापर्यंत चालते. पण त्याला दोन माणसं लागतात. एक सुकाणूला, एक फुग्यावर. आणि फुगा टाकीपाशी, मधल्या फळीच्या पलीकडे. टाकी मागे आणावी तर काकांना कुठे ठेवायचं? पुढे ठेवले तर लाटा अंगावर. सेल्बीने तरी प्रयत्न केला. पुढे जाऊन फुगा दाबायचा, धावत मागे यायचं, दोरी ओढायची, चार होड्यांएवढं अंतर जायचं, पुन्हा बंद. सुकाणू सोडलं की होडी लाटेला आडवी व्हायची आणि पाणी आत यायचं. तिसऱ्या खेपेला तो घसरून पडला आणि कपाळ फुटलं.

तो मागे बसला. धाप लागलेली.

वारा त्यांना कुठे नेतोय ते ऐकू येत होतं. डाव्या बाजूला, धुक्यात, बुडालेल्या खडकांवर लाटा फुटत होत्या. आवाज जवळ येत होता. नांगर टाकायला तिथे तळ नाही. वल्ही होती, पण त्या वाऱ्याविरुद्ध एकट्याने वल्हवून तो कुठवर जाणार? रेडिओवर हाक मारली. नुसती खरखर.

काकांचा श्वास ऐकू येत होता. घरघर.

आणि तेवढ्यात...

पुच्.

सेल्बीने मान वर केली.

पुच्... पुच्...

रबराचा आवाज. तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. कोणीतरी फुगा दाबत होतं.

त्याला वाटलं, होडीत पाणी आलंय, त्यात टाकी हलतेय. नळी कशात तरी अडकली असेल. त्याने विचार केला नाही. दोरी ओढली. मोटर लागली, आणि या खेपेला अडखळली नाही. एकसुरी, दमदार चालायला लागली. सेल्बीच्या तोंडून देवाचं नाव गेलं. खडकांचा आवाज मागे पडला. तो जोर वाढवत गेला, मोटर देत गेली.

मग त्याची नजर कंपासवर गेली.

होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, मॅडम्स कोव्हकडे होती. वाऱ्याने ती फिरवली होती आणि तो परत चालला होता. जिथून आला तिथे.

त्याने सुकाणू फिरवलं. नाळ घराकडे केली.

पुच्... चा आवाज थांबला.

मोटरीने धाप टाकली आणि बंद पडली.

वाऱ्याने होडी हळूहळू पुन्हा फिरली. नाळ कोव्हकडे आली. आणि पुढे, अंधारात...

पुच्.

पुच्.

सेल्बीने दोरी ओढली. लागली. घराकडे वळवली. बंद.

तिसऱ्यांदा वळवून बघायची त्याची छाती होईना. पण बघितलं. तेच झालं.

मग त्याने टॉर्च उचलला आणि पुढे धरला.

मधली फळी रिकामी होती. ओली, चकचकीत. फळीच्या पलीकडे लाल टाकी, आणि टाकीशेजारी नळीतला तो काळा फुगा. नाळ त्या वेळी कोव्हकडे होती. त्याच्या डोळ्यांदेखत तो फुगा आत दबला. पुन्हा फुगला. पुन्हा दबला. भोवती कोणाचा हात नव्हता.

टॉर्च त्याच्या हातून खाली पडला आणि विझला.

डोळे अंधाराला सरावले. आणि तेव्हा त्याला दिसलं की मधल्या फळीवर कोणीतरी बसलंय. त्याच्याकडे पाठ. मेणकापडाचा कोट. डोक्याला बांधलेला रुमाल. खांदे लयीत खाली-वर होत होते. एखादी बाई घाईत नसताना पीठ मळते तसे.

त्याने चाचपून टॉर्च शोधला. लावला. फळी रिकामी, फुगा आपोआप दबतोय. विझवला. कोणीतरी बसलेलं. दोन्हींतलं कुठलं बरं, ते त्याला ठरवता येईना. शेवटी विझवूनच ठेवला.

ती कोण हे त्याला सांगावं लागलं नाही. या होडीत त्या फळीवर तीस वर्षं एकच माणूस बसत होतं. काका सुकाणूला, आणि डॉर्कस काकू मधल्या फळीवर, जाळी ओढायला. दोघं नवरा-बायको मिळून मासेमारी करायचे, दुसरा गडी त्यांनी कधी घेतला नाही. पाऊस असो, बर्फ असो, ती तिथेच. कमी बोलायची. एकदा नाही म्हटलं की नाही.

काका हलले. त्यांचा डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि सेल्बीचा बूट धरून राहिला.

आता सेल्बीपुढे दोनच वाटा होत्या. नाळ कोव्हकडे ठेवायची. मग मोटर चालेल, दोघं सुखरूप किनाऱ्याला लागतील, आणि काका सकाळपर्यंत आपल्या घरात मरतील. किंवा नाळ घराकडे करायची, आणि खडक.

तो म्हणाला मला, "तेवढा वेळ मी खरंच विचार केला, ॲम्ब्रोज. परत जावं असा. उनाचा विचार आला मनात. परत गेलो असतो तर मला कोणी काही म्हणालं नसतं."

मग तो बोलला. त्या पाठीशी बोलला.

"काकू... मी सेल्बी."

फुग्याचा आवाज थांबला.

"काकू, ते तिथे राहिले तर मरतील."

काही नाही. लाटा. काकांची घरघर.

"आज मला त्यांना नेऊ द्या."

रुमाल बांधलेलं डोकं हललं नाही.

"मी परत आणीन त्यांना. वेळ येईल तेव्हा. मी स्वतः, याच होडीतून. तुमच्या शेजारी ठेवीन. इकडे आर्मला नाही ठेवू देणार कोणाला."

खडकांवर लाट फुटली. इतकी जवळ की पाणी तोंडावर आलं.

"शब्द देतो, काकू."

शांतता.

सेल्बी म्हणतो, एवढी शांतता त्याने जन्मात ऐकली नव्हती. वारा होता, पाणी होतं, तरी शांतता. जणू कोणीतरी आपल्याकडे पाठ करून आपल्याला जोखतंय.

त्याने वल्हं घेतलं आणि हळूहळू, जोर लावून, होडीची नाळ घराकडे फिरवली. मग वल्हं ठेवलं. दोरी हातात धरली. ओढली नाही.

वाट पाहिली.

पुच्.

...

पुच्.

त्याने दोरी ओढली.

मोटर चालली. घराकडे चालली. धुकं तोंडावर येत होतं, कंपासचा काटा स्थिर होता, आणि पुढे ते खांदे खाली-वर होत होते. त्याच लयीत. दमल्याची खूण नाही. सेल्बी समोर बघत नव्हता. कंपासकडे बघत होता. मोठी लाट आली की त्याला वाटायचं आता आवाज तुटेल. तुटला नाही.

मध्ये एकदा काका बोलले. अगदी स्वच्छ बोलले. तोंड वाकडं झालेल्या माणसाला तसं बोलता यायला नको. ते सेल्बीशी बोलत नव्हते.

"हळू," ते म्हणाले. "हात दुखतील."

सेल्बीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भीतीने की कशाने, त्याला माहीत नाही.

मग धुक्यात पिवळसर डाग दिसला. आर्मच्या धक्क्यावरचा दिवा. त्याने वेग कमी केला. धक्क्याचे ओंडके दिसायला लागले, आणि कोणीतरी तिथून हाक मारली. उना होती, आणि तिच्या शेजारी मी. उशीर झाला म्हणून तिने मला उठवून आणलं होतं.

मोटर बंद पडली. होडी आपल्या गतीने आली आणि ओंडक्यांना टेकली.

मी दोर धरायला खाली वाकलो. तुम्हाला खरं सांगतो, होडीत मला दोनच माणसं दिसली. पण सेल्बी मला म्हणाला, "आधी पुढचा दोर घे, आणि हळू. तिच्या अंगावर पाय देऊ नकोस." मी विचारलं, कोणाच्या? तो काकांना उचलायला वाकला.

काकांना त्याच रात्री दवाखान्यात नेलं. जीव वाचला.

दोन दिवसांनी सेल्बीने मोटर इथे आणली, आणि आम्ही दोघांनी पंप उघडला. आतला पडदा नुसता फाटलेला नव्हता. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. मी म्हटलं, "हे घेऊन तू एवढ्या लांबून आलास?" तेव्हा तो त्या बादलीवर बसला आणि त्याने मला हे सगळं सांगितलं.

हेडली काका हिवाळाभर दवाखान्यात राहिले. बोलणं आलं नाही. जमीन अजून गोठलेली होती तेव्हा गेले. ऱ्होडा आल्बर्टाहून आली. तिचं म्हणणं, इथे आर्मला पुरूया, तिकडे आता कोण जातंय, कबरीवर गवत काढायलाही माणूस नाही. पाद्रीही तेच म्हणाला. त्यात तिची काही चूक नव्हती.

सेल्बी म्हणाला, "ते तिकडेच जातील."

"तू कोण ठरवणारा, सेल्बी? माझा बाप आहे."

"मी शब्द दिलाय."

"बाबांना?"

सेल्बीने मॅडम्स कोव्हच्या दिशेला पाहिलं.

ऱ्होडा त्याच्याकडे बघत राहिली. मग कोणाला दिला ते तिने पुन्हा विचारलं नाही. हातमोजे काढले, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "जमीन कधी मऊ होते?"

मे महिन्यात आम्ही काकांना नेलं. त्याच होडीतून, दिवसाउजेडी, ऊन पडलेलं. पंपात नवा पडदा होता, मोटर एकदाही अडखळली नाही. टेकडीवर डॉर्कस काकूच्या शेजारी खड्डा खणला, म्हाताऱ्याला ठेवलं, माती लोटली. सेल्बीने शेवटचं फावडं मारलं आणि तिच्या दगडाकडे बघून मान हलवली. काम झालं, असं सांगितल्यासारखं. येताना तो मोकळा वाटला. मला वाटलं, संपलं.

आता एवढंच राहिलं. सेल्बी दर वसंतात होडी रंगवतो. त्या रात्रीनंतरच्या पहिल्या वसंतात, काकांना नेण्याआधीच, त्याने ती आतून-बाहेरून हिरवी रंगवली होती. मधल्या फळीवर एका जागी रंग धरला नाही. सोलून निघाला. एक माणूस बसेल एवढी जागा, खाली लाकूड हाडासारखं पांढरं, हात लावला तर कायम ओलं. त्याने घासून पुन्हा रंगवलं. पुन्हा निघाला. मीच म्हटलं, खारं पाणी मुरलंय, दुसरं काय.

काकांना पुरल्यावर त्याने ती फळीच बदलली. नवी कोरी फळी, स्वतः रंधा मारलेली. तीन हात रंग दिला.

गेल्या आठवड्यात मी होडी बघून आलो.

नव्या फळीवरचा रंगही निघालाय. पण आता एका जागी नाही.

दोन जागी. शेजारी-शेजारी.